साखरेच्या नावाखाली

मी बोलतेय, उधारीची वही. लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडेला सुतळीनं पेन्सिल बांधलेली. आता माझी सगळी पानं भरलीत आणि पेन्सिलही नखाएवढी उरलीय. रद्दीत जायच्या आधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी खोटं बोलले. एकदा नाही, आठ-नऊ महिने.

बंगलोरच्या चिकपेटेतल्या एका बाइंडरनं मला शिवलं आणि माझ्यासारख्या दोन डझन बहिणींबरोबर जयनगरला हंबीररावांच्या दुकानात पाठवलं. जयनगर तेव्हा नवं वसत होतं. लाल मातीचे रस्ते, अर्धीमुर्धी बांधलेली घरं, आणि सगळ्या बाजूच्या पाच-पंचवीस घरांना मिळून हे एक दुकान. हंबीररावांच्या कितीतरी पिढ्या बंगलोरातच गेलेल्या. घरी मराठी, पण बोलण्यात निम्मं कानडी. बाईमाणूस दिसलं की ‘अक्का’. गूळ मागा की उदबत्ती, उत्तर एकच, “सरी अक्का,” म्हणजे बरं ताई.

एकसष्ट सालच्या जानेवारीत नीला माझ्या आयुष्यात आली. साताऱ्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आलेली. नवरा, उपेंद्रराव, सरकारी कारखान्यात. हाताला धरलेली तीन वर्षांची नयना, काडीसारखी.

“ही वही घरी ठेवा, महिनाभर सामान न्या अक्का,” हंबीरराव माझ्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढत म्हणाले, “एक तारखेला साहेब हिशेब करतील. रोज रोज पैसे मोजायला नकोत.”

नीलाला ते फार बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू! पण आता कळतं की तिथंच सगळं घसरलं. रोख द्यायचे असले की माणसाची मूठ आपोआप आवळते. मला नुसतं पुढं करायचं असतं. माझ्यावर लिहिताना कुणाचा हात जड होत नाही.

पहिले तीन महिने तांदूळ, तूरडाळ, तीन किलो साखर, एवढंच. मग एक दिवस वरच्या मजल्यावरच्या प्रमोदिनीबाई दुकानात भेटल्या. त्यांचा मुलगा गुटगुटीत. नयनाकडे बघून त्या हसत म्हणाल्या, “काय हो, ही वाऱ्यावर जेवते का? त्या डब्यातली ताकदीची पावडर द्या की दुधातून. आमच्याकडे महिन्याला एक लागतो.”

तो डबा तीन-सव्वातीन रुपयांचा. नीलानं घरी विषय काढला. उपेंद्रराव वाईट नव्हते हो, पण गावी आईवडलांना मनिऑर्डर जायची, स्वतः दोन सदऱ्यांवर वर्ष काढायचे. म्हणाले, “दूधभात खाते ना? पुरे झालं.”

नीलाला रात्रभर झोप नाही. पोर सारखी सर्दीनं बेजार. आपण हात राखला आणि हिला काही झालं तर? दुसऱ्या दिवशी तिनं डबा घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “अण्णा, डब्याऐवजी साखर लिहा ना. अडीच किलो, तेवढ्याच पैशांची.”

हंबीररावांचा हात थांबला. “स्वल्प विचार करा अक्का. साहेबांना सांगितलं तर नाही म्हणतील काय?”

“मी सांगेन मग. पोरीसाठीच आहे अण्णा.”

त्यांनी लिहिलं. गल्ल्याखाली त्यांची स्वतःची मोठी वही असे, तिच्यात मात्र जे नेलं तेच नाव पडलं. खोटं फक्त माझ्या वाट्याला आलं.

डब्याचं मी समजू शकते. पण एकदा साखरेची वाट सापडली म्हणताना तिच्यावरून काय काय चालत आलं! टॉनिकची बाटली आली. क्रीमची बिस्किटं आली, कारण प्रमोदिनीबाईंचा मुलगा दारात उभा राहून खात होता. नायलॉनच्या रिबिनी आल्या, कचकड्याची बाहुली आली. मग तोंडाला लावायच्या पावडरचा एक डबा, तो काही नयनासाठी नव्हता. प्रत्येक वेळी दुकानातून निघताना नीलाचा चेहरा उजळलेला असे, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचेतो उतरलेला. मला ती पदराखाली घट्ट धरायची. तिच्या हाताचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागायचा. त्याचे डाग अजून आहेत.

एक तारखेला उपेंद्रराव मला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचायचे. “साखर... साखर... परत साखर. नीला, अकरा किलो?”

“पाहुणे आले होते ना. आणि मुंग्या फार झाल्यात इथं.”

त्यांनी मला मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “उद्यापासून माझ्या चहात साखर घालू नकोस. एवढी साखर लागते आपल्याला, तर कुणीतरी कमी करायला हवी.”

नीलानं आपला कप बाजूला ठेवला. सांगावंसं वाटलं, अगदी ओठावर आलं. पण नयना खोकली आणि ती उठून आत गेली. दोन महिने तो माणूस बिनसाखरेचा चहा पीत होता, पहिल्या घोटाला तोंड वाकडं करत. आणि नीला समोर बसून बघायची. आपलीच चोरी आणि शिक्षा याला, असं तिच्या मनात येत असणार, कारण त्या महिन्यांत ती मला फळीवर पालथी ठेवायची.

तरी डिसेंबरच्या एक तारखेला साखर नऊ किलो निघालीच.

त्या रविवारी उपेंद्ररावांनी मला उचललं. “चल माझ्याबरोबर, नयनालाही घे. हा माणूस आपल्याला बनवतोय.”

“अहो, जाऊ दे ना. नका...”

“का जाऊ दे? आपण परगावचे म्हणून काय वाटेल ते लिहायचं?”

दुकानात गर्दी होती. प्रमोदिनीबाई होत्या, कारखान्यातले दोघे होते. उपेंद्ररावांनी मला काउंटरवर आपटलं. “हंबीरराव, तीन माणसांच्या घरात नऊ किलो साखर? मी चहात घालत नाही, तरी नऊ?”

कारखान्यातल्या एकानं आपली वही हळूच उघडून चाळायला घेतली. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “अगंबाई, मग आमचीही एकदा बघायला हवी.”

हंबीररावांनी नीलाकडे पाहिलं, एकदाच. मोठी वही गल्ल्याखाली होती. ती उघडली असती तर एका मिनिटात सगळं स्वच्छ झालं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, उघडा ती, उघडा! त्यांनी उघडली नाही. माझीच पेन्सिल उचलली आणि म्हणाले, “चूक झाली असेल साहेब. सहा किलोचे पैसे कमी करतो. काय करायचं, वय झालं.”

तीस वर्षांचं दुकान त्या माणसाचं, आधी चामराजपेटेत, मग इथं. आणि ती सगळी पत तो एका बाईच्या खोट्यावर पांघरूण म्हणून घालत होता.

पेन्सिल कागदाला टेकणार, तेवढ्यात नीला म्हणाली, “अण्णा, खोडू नका.”

मग ती नवऱ्याकडे वळली. “त्यांची चूक नाही. मीच साखर लिहायला सांगत होते. डबा, बिस्किटं, रिबिनी... सगळं मीच नेलं.”

प्रमोदिनीबाई घाईनं उदबत्त्यांकडे बघायला लागल्या. उपेंद्ररावांनी मला काउंटरवरून उचललं. मग हंबीररावांपुढे हात जोडले. “माफ करा.”

“सरी साहेब, सरी,” हंबीरराव म्हणाले. “माझीबी चूक आहे. मी लिहायला नको होतं.”

घरी जाताना उपेंद्ररावांनी नयनाला खांद्यावर घेतलं होतं. दाराशी ते एवढंच म्हणाले, “मला भीती वाटायची तुला माझी?”

“नाही हो. तुम्ही नाही म्हणाल आणि ते बरोबर असेल, ह्याची वाटायची.”

दुपारी नीला मला घेऊन बसली. सातवीपर्यंतचं तिचं अक्षर, गोल गोल. एकेक खोटी साखर खोडून तिच्यापुढे खरं नाव लिहीत गेली. तोंडाच्या पावडरचा डबा लिहिताना थांबली, पण लिहिलं. एका ओळीपाशी मात्र हात अडला. ‘साखर, एक किलो.’ काय घेतलं होतं बरं? आठवेना. घरभर शोधलं, सापडेना. हंबीररावांच्या मोठ्या वहीत असेल, पण तिथं जाऊन विचारायचं तोंड नव्हतं. सव्वा रुपयाची काहीतरी हौस होती आणि तिचं नावसुद्धा तिला सांगता येत नव्हतं. ती तिथंच रडली. बाकी कशापेक्षाही त्या ओळीनं तिला रडवलं.

ती जागा अजून रिकामी आहे.

नव्या वहीत आता नीला स्वतः लिहिते, दुकानातच उभी राहून, वस्तूचं खरं नाव. पुष्कळदा नाव लिहायला पेन्सिल उचलते आणि वस्तू परत फळीवर ठेवते. नयनाची सर्दी गेली, कशानं कोण जाणे. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला पुढं करण्याआधी, जे नेता आहात ते घरच्यांदेखत मोठ्यानं वाचता येईल का, एवढं बघा. आमच्यावर काय लिहिलं जातंय ते आम्हाला कळतं, पण तेव्हा टोकता येत नाही, म्हणून आता सांगते.

उपेंद्रराव अजून बिनसाखरेचा चहा पितात. “सवय झाली,” म्हणतात. खरंच सवय झाली की काय, ते नीलाला विचारवत नाही. ती रोज सकाळी त्यांच्या कपाशेजारी साखरेची वाटी ठेवते आणि रोज ती तशीच भरलेली उचलून आत नेते.