दहा नंबरचा ड्रेस

तिसऱ्या झटक्याला चेन वर गेली आणि तिची पट्टी तुटून माझ्या हातात आली.

नेमकं सांगायचं तर बुटाच्या नाडीत आली. मागची चेन एकटीने लावायची असेल तर तिच्या पट्टीत नाडी ओवायची आणि खांद्यावरून ओढायची, ही युक्ती मला लग्नाआधीपासून येते. श्वास आत, पोट आत, देवाचं नाव. चेन मानेपर्यंत पोचली, टक् असा आवाज झाला आणि नाडीच्या टोकाला लोंबकळणारी एवढीशी पितळी पट्टी माझ्यासमोर आली. ड्रेस माझ्या अंगावर होता आणि बाहेर यायची वाट बंद झाली होती. घड्याळात सव्वाअकरा. साडेअकराला जुळ्यांना बालवाडीतून आणायचं होतं.

ड्रेस गडद हिरवा, कमरेत आवळलेला, खाली घेर. तो त्या खोक्यातून आला होता. क्लेने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला ही नवी टूम काढली. दर महिन्याला एक खोका घरी येणार, त्यात तुमच्यासाठी कुणीतरी निवडलेले पाच कपडे. घालून बघायचे, आवडतील ते ठेवायचे, बाकीचे तीन दिवसांत सोबतच्या पिशवीत भरून परत. काखेतलं लेबल तोडलंत की कपडा तुमचा. निवडणाऱ्याला तुमची माहिती हवी, म्हणून आधी एक लांबलचक प्रश्नावली भरायची. ती क्लेने माझ्या नकळत भरून टाकली होती.

खोक्यात एक कार्डही होतं. ‘मार्नी, चाळिशीच्या खूप शुभेच्छा! क्लेने तुझ्याबद्दल इतकं छान लिहिलंय की तुला भेटल्यासारखंच वाटलं. दर शनिवारी नाचायला जाणाऱ्या बाईला घेरदार काहीतरी हवंच ना! तुझी, ब्रिएल.’

शेवटचं नाचायला गेलो तेव्हा आमची ग्रेटा रांगत होती. आता ती दहा वर्षांची आहे.

ते वाचून मला हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू. दोन्हीपैकी काही आलं नाही. हल्ली असंच होतं. पूर्वी मी दाताच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम करायची. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसांचा गाल इंजेक्शनने बधिर झालेला असायचा. चावलं तरी त्यांना कळायचं नाही, आणि ते आपले माझ्याशी पुढच्या तारखेबद्दल बोलत राहायचे. माझं तसं झालंय, फक्त कुणी इंजेक्शन दिल्याचं मला आठवत नाही.

असो. ड्रेसखाली ट्रॅकपँट चढवली, पायात बर्फाचे बूट, वरून गुडघ्यापर्यंतचा कोट. आयोवातल्या मार्चमध्ये कोटाच्या आत कोण काय घालून फिरतंय, हे कुणी विचारत नाही.

बालवाडी चर्चच्या तळघरात आहे आणि तिथला हीटर पाद्रीबाबांच्या प्रवचनासारखा, एकदा सुरू झाला की थांबत नाही. मी घामाने निथळत होते. जनीन नावाची एक आई तिथे कायम हातात वही घेऊन उभी असते.

“मार्नी, बरी सापडलीस! शुक्रवारच्या चर्चमधल्या माशांच्या जेवणाला कोबीची कोशिंबीर तुझ्या नावावर टाकलीय गं. दीडशे माणसांची. चालेल ना?”

“चालेल.”

“अगं, कोट तरी काढ, उकडून मरशील.”

“नको, निघायचंच आहे.”

“तब्येत बरी आहे ना? चेहरा लाल झालाय.”

“बरी आहे.”

“बरं. मग कोबी आधी चिरून ठेवू नकोस हं, मागच्या वेळी पाणी सुटलं होतं.” वहीत खूण करून ती पुढच्या बाईकडे वळली.

जनीनच्या हातात एक पक्कड दिली असती तर मिनिटात सुटका झाली असती. पण शुक्रवारपर्यंत दीडशे माणसांनी कोशिंबिरीबरोबर माझी चेनही चघळली असती.

घरी येऊन कोट काढला. जुळ्यांना, नोराला आणि टेसला, मॅकरोनी वाढली. नोराने टेसचा चमचा घेतला, टेसने नोराचे केस ओढले, दोघींना वेगळं केलं, दूध सांडलं, पुसलं. पुसताना वाकले तर शिवण कुरकुरली. हे सगळं मी एका पार्टीच्या ड्रेसमध्ये करत होते, आणि समोर बसलेल्या चार वर्षांच्या दोघी पोरींना त्यात काही वेगळं दिसलं नाही. त्यांच्या लेखी आई म्हणजे दूध पुसणारा हात. त्या वयात तसंच असतं, मी त्यांना बोल लावत नाही.

पण तेव्हा माझ्या मनात आलं, आपण कुणाला सांगायचंच नाही. ग्रेटा तीनला येईल, क्ले साडेपाचला येईल. कोण आधी विचारतंय ते बघायचं. आणि कुणीच नाही विचारलं तर? तर काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. चाळिशीच्या बाईने असले खेळ खेळू नयेत हे मलाही कळतं. तरी मला मजा वाटली, बऱ्याच दिवसांनी.

ग्रेटा तीनला आली. दप्तर फेकलं, माझ्याकडे एकदा बघितलं, फ्रिज उघडला.

“खायला काय आहे?”

“सफरचंद आहे. चीज आहे.”

“बस्स?”

“सध्या बस्स.”

सफरचंद घेऊन ती वर गेली. मी कपड्यांच्या घड्या घातल्या. बसता येत नव्हतं, म्हणून उभ्यानेच. चार वाजता बरगड्या दुखायला लागल्या, पाच वाजता दुखायच्या थांबल्या. मी कॅसरोलसाठी मांस परतलं, त्यावर बटाट्याचे गोळे रचले आणि ओव्हनमध्ये ठेवलं.

साडेपाचला क्ले आला. क्ले ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात असतो. कुठल्या जुन्या ट्रॅक्टरला कुठला नट बसतो हे त्याला न बघता सांगता येतं, लोक दोन-दोन तालुक्यांतून त्याला विचारायला येतात. भला माणूस आहे. त्याने बूट दारात काढले, माझ्या कानाजवळ ओठ टेकवले आणि सरळ ओव्हनमध्ये डोकावला.

“वा! खोका आला का गं?”

“आला.”

“मग? आवडलं काही?”

“बघतेय.”

“बघतेय काय? घालून दाखव ना. एवढी भेट दिली, आणि मला साधं बघायलाही मिळू नये?”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. हातात डाव होता. काखेतून लेबल लोंबत होतं.

“डॅड,” ग्रेटा जिन्यावरून म्हणाली, “तिने घातलाय.”

क्लेने मान वर केली. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, मग परत चेहऱ्याकडे.

“हा? अगं, मला वाटलं हा तुझा जुनाच. तू बॉलरूमला घालायचीस तो.”

“तो निळा होता.”

“निळा होता?”

“हो.”

मी ग्रेटाकडे वळले. “तुला केव्हा कळलं?”

“आल्याआल्या. लेबल दिसतंय की.”

“मग विचारलं का नाहीस?”

तिने खांदे उडवले. कठड्यावरचा रंग नखाने खरवडत म्हणाली, “मला वाटलं, तू कुठेतरी जाणार असशील. विचारलं असतं तर गेली नसतीस.”

मी डाव खाली ठेवला.

“चेन अडकलीय,” मी म्हटलं. “सकाळपासून.”

“सकाळपासून?” क्ले म्हणाला. “मग फोन का नाही केलास? मी जेवायच्या सुट्टीत आलो असतो की!”

आला असता, हे खरं. फोन केला असता तर तो धावत आला असता. त्याने ट्रकमधून बारीक तोंडाची पक्कड आणली आणि माझ्या मागे उभा राहिला.

“श्वास सोड.”

“सोडला तर फाटेल.”

“मग धरून ठेव. हललीस तर कातडी चिमटेल. झालं, झालं… हं.”

चेन खाली आली. सहा तासांनी माझ्या छातीत पुरती हवा गेली आणि मला घेरी आल्यासारखं झालं. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल रेघ उठली असणार, कारण त्याने तिथून बोट फिरवलं.

“दुखतंय?”

“नाही.”

खोटं नव्हतं ते.

“पण मी दहा नंबर मागवला होता,” तो म्हणाला.

“हा दहाच आहे.”

“मग?”

“क्ले, मी दहा नाहीये.”

“मी आपलं अंदाजाने नाही लिहिलं हं. कपाटात अगदी मागे तो ड्रेस आहे ना, हिरवा… निळा. त्याचं लेबल बघितलं. टॉर्च घेऊन आत शिरलो होतो. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा.”

हे तो अभिमानाने सांगत होता. न बघता नट सांगणारा माणूस, यावेळी मुद्दाम बघून आला होता.

“मी रोज तुझ्यासमोर असते,” मी म्हटलं. “मला विचारायचंस.”

“सरप्राइज होतं ना.”

मला राग यायला हवा होता. मी वाटही पाहिली. अंघोळीच्या पाण्याचा आवाज ऐकत, घाईघाईने, कपाटात गुडघे टेकून टॉर्च मारणारा क्ले डोळ्यांसमोर आणून बघितला. त्याचं कौतुकही वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, पण लांबून, शेजारणीच्या नवऱ्याचं वाटावं तसं. मी वर जाऊन नेहमीचा करडा स्वेटशर्ट घातला आणि खाली येऊन सगळ्यांना वाढलं.

जेवणं झाल्यावर मुली टीव्हीसमोर बसल्या. क्लेने टेबल पुसलं, फोन समोर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. काही मोडलं की लगेच दुरुस्त करायला बसायचं, हा त्याचा स्वभाव.

“चल, प्रश्नावली नीट करून टाकू. तू सांग, मी लिहितो. उंची?”

“पाच फूट पाच.”

“ते बरोबर लिहिलं होतं मी. माप?”

“सोळा.”

हा आकडा मी या घरात कधी मोठ्याने उच्चारला नव्हता. क्लेने तो लिहिला. वर बघितलं नाही, भुवईही उचलली नाही. तेवढ्याबद्दल मी त्याची आभारी आहे, अगदी मनापासून.

“आवडता रंग. मी पिवळा लिहिलाय.”

“का?”

“का म्हणजे? आवडतो तुला. हे स्वयंपाकघर नाही का तू पिवळं केलंस?”

“आपण घर घेतलं तेव्हाच हे पिवळं होतं, क्ले.”

त्याने भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. अकरा वर्षं त्या रंगात उभी राहून मी स्वयंपाक केलाय, आणि तो मला आवडतो की नाही हे शोधायचं म्हटलं तर आत कुणी उत्तर देईना. त्याला माहीत नव्हतं म्हणून दिवसभर मी त्याच्यावर मनात अढी धरून बसले होते. माहीत तर मलाही नव्हतं.

“मग कुठला लिहू?”

“तोच राहू दे.”

“शरीराचा कुठला भाग उठून दिसावा असं वाटतं?”

“पुढचा प्रश्न.”

“हं. सध्या कुठल्या प्रसंगासाठी कपडे हवेत?” त्याने आवाज जरा खाली आणला. “इथे मी ते नाचाचं लिहिलं होतं. शनिवारचं.” आणि मी काही म्हणायच्या आत त्याने ते पुसलं, एकेक अक्षर मागे घेत. “आता काय लिहू?”

“सोडून दे.”

“सोडता येत नाही. लिहिल्याशिवाय पुढे जातच नाही हे. लग्न, प्रवास, ऑफिस, असं काहीतरी लागतं. आपलं पुढे काय आहे?”

मी विचार केला. खरंच केला. कोशिंबीर आठवली, टेसच्या कानाचे डॉक्टर आठवले.

“मंगळवार लिही,” मी म्हटलं.

“कुठला मंगळवार?”

“कुठलाही.”

“मंगळवारी काय असतं?”

तो थट्टा करत नव्हता. अंगठा फोनवर धरून, उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत होता.

“काही नसतं,” मी म्हटलं.

क्लेने मान हलवली, मंगळवार असं लिहिलं, आणि पुढचा प्रश्न वाचला.