उपासाचा रानहंस

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटच्या उपासांत मांस वर्ज्य होतं, मासे चालत. आणि रानहंस हा मासाच, याबद्दल कुणाला तिळमात्र शंका नव्हती. वाहून आलेल्या लाकडांना शिंपले चिकटतात, त्यांतून पिसं डोकावतात आणि पुढे त्यांचेच हंस होतात, असं आजे-पणजे सांगत आले होते. शंका होती फक्त डॉक्टर थेडी लेहान यांना. ती फेडायला ते देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून पार ग्रीनलंडला गेले. पायाची दोन बोटं तिथल्या बर्फाला दिली आणि स्पिरिटच्या बरणीत अर्धवट फोडलेलं एक अंडं घेऊन परतले. आत हंसाचं पिल्लू होतं, चोचीसकट, पंखांसकट.

डॉक्टरांचा देवावर विश्वास नव्हता. आपण काय नाव देतो याचं निसर्गाला काही सुखदुःख नाही, असं ते म्हणत. माणसाला मात्र जेवायलाही देवाची परवानगी लागते, आणि ती मिळवायला तो देवालाच बनवतो. रविवारी फादर कॉर्नी जेवायला आले की बरणी त्यांच्यापुढे ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

"आणि मग?" थोरली बहीण होनोरा हंस सोलता सोलता म्हणाली. "फादरनी हंसावर बंदी घातली तर शेजारच्या मोरनच्या पोरांनी काय तुझी बरणी चाटायची? त्यांचे बटाटे संपलेत. वादळात होड्या निघत नाहीत."

"म्हणून खोटं बोलू?"

"गप्प बस. तेवढं तरी जमेल?"

मोरनच्या पोरांचं डॉक्टरांना वाईट वाटत होतं. पण दोन बोटं देऊन आलेला माणूस गप्प कसा बसणार?

रविवारी फादरनी चष्मा पुसून बरणी निरखली. थेडीचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता.

"अंडं आहे हे."

"पक्ष्याचं अंडं, फादर."

"मासे अंडी घालत नाहीत का रे?"

"अंड्यांवर बसत नाहीत. याची आई बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. कड्यावर."

"तिकडे थंडी फार, तूच म्हणालास. तिथे माशालाही बसावं लागत असेल." असं म्हणून फादरनी भाजलेली तंगडी पुढे ओढली. होनोराचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांनी आपली ताटली बाजूला सारली.

"आता हे काय?" होनोरा म्हणाली. "तुझा कुठे उपासावर विश्वास आहे? दरवर्षी तर ताव मारतोस."

"आता खाल्लं की गावभर होईल, डॉक्टरनंही मासा मानला."

पुढे सगळा लेंट गाव हंस खात राहिलं आणि डॉक्टर बटाटे-मीठ. मोरनची पोरं बाळसं धरू लागली. ते पाहून डॉक्टरांना बरं वाटे, पण हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. डॉक्टर देवमार्गाला लागले, असं बायका कौतुकानं म्हणू लागल्या. जीभ कशी आवरावी ते डॉक्टरांकडून शिका, असं फादरनी भर चर्चमध्ये सांगितलं. हा उपास देवासाठी नाही म्हणून डॉक्टर ज्याला त्याला सांगत सुटले, तर लोकांना त्यात त्यांचा विनयच दिसला.

ईस्टरच्या सकाळी उपास संपल्याच्या घंटा वाजल्या आणि डॉक्टर स्वयंपाकघरात आले.

"होनोरा, आज हंस भाज. पक्षी म्हणून खाणार आहे, दार उघडं टाकून."

"कुठून आणू? परवाच सगळे उत्तरेला गेले."

डॉक्टर खिडकीशी जाऊन रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले.

"वर काय बघतोस," होनोरा म्हणाली, "पोहत गेले."