गोदीतली गोडीगुलाबी

आमच्या शहरात बंदर आहे, त्यामुळे चारी दिशांची माणसं आहेत. बाहेरचे लोक याला संस्कृतींचा संगम म्हणतात. आम्ही याला जिना म्हणतो. आमच्या इमारतीच्या जिन्यावर पाच-सहा भाषांमध्ये एकच भांडण चालायचं, कचरा कोणी ठेवला म्हणून.

मी फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत बसते. मला सगळ्या भाषांतल्या शिव्या कळतात. कौतुक अजून कुठल्याच भाषेत ऐकलेलं नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्तीनंतर घरी असायचे आणि संध्याकाळी त्यांचे त्याच इमारतीतले दोन जुने सोबती येऊन बसायचे. एक जहाजं रंगवणारा लंबू, दुसरा गोदीच्या खानावळीतला आचारी. तिघांच्या मातृभाषा तीन. उभा जन्म एकत्र काढला, पण एकमेकांची भाषा शिकण्याची तसदी एकानेही घेतली नाही. गोदीत सगळ्यांची मिळून एक बोली झाली होती, तिच्यावरच भागायचं. ऐकायला झोकदार, पण तिच्यात शिव्यांखेरीज काही नव्हतं. दोर ओढ, माल सोड, जेवायला चल, सगळं त्यातच बसायचं.

मग जुनं गोदाम बंद पडलं आणि तिथे बंदराचं संग्रहालय करायचं ठरलं. एका संध्याकाळी संग्रहालयाच्या बाई रेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आल्या.

"तुम्ही वेगवेगळ्या मुलखांतले, तरी किती गुण्यागोविंदाने राहिलात!" बाई म्हणाल्या. "तुमची ती सगळ्यांची बोली मला हवी आहे."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. घरात सून, समोर परकी बाई.

बाबा खाकरले. "आम्ही एकमेकांना 'जरा सरकता का' असं म्हणायचो."

"सगळेच?"

"सगळेच," लंबू म्हणाला. आचारी छताकडे बघत राहिला.

बाईंचा चेहरा पडला. मला दया आली, मी चहा आणला. लंबूने कप उचलायला आणि आचाऱ्याचा कोपर लागायला एकच गाठ पडली. कढत चहा लंबूच्या मांडीवर सांडला.

"खुलांबा!" लंबू किंचाळला.

आचाऱ्याने त्याला त्याहून जड काहीतरी सुनावलं. बाबा सोडवायला गेले आणि त्यांनी दोघांचीही सात पिढ्यांसकट पूजा बांधली. बाई भारावून ऐकत होत्या.

"काय नाद आहे हो! या 'खुलांबा'चा अर्थ काय?"

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. घराची अब्रू वाचवायची वेळ आली की सून आठवते.

खुलांबा म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं ओरपून वर त्यालाच ताट घासायला लावणारा माणूस. त्यात त्याच्या आईचाही उल्लेख आहे, तो मी गाळते. गोदीत हा शब्द खास मुकादमासाठी राखलेला होता.

"म्हणजे... 'ये मित्रा, माझ्या ताटात जेव'," मी म्हणाले. ताटापुरतं तरी खरं होतं.

उद्घाटनाला भिंतीवर सोनेरी अक्षरांत तोच शब्द. मंत्री आले, शब्दाचा अर्थ वाचून गहिवरले आणि माईकवरून गरजले, "बंधूंनो, मीही तुमचा खुलांबा आहे!"

जुन्या गोदी कामगारांनी असा टाळ्यांचा कडकडाट केला की मंत्र्यांना चेव चढला. "माझा पक्षही खुलांबा आहे!"

लंबूने तोंडात रुमाल कोंबला. त्याचे खांदे गदगदत होते.

"किती हळवे झालेत," बाई माझ्या कानात म्हणाल्या.

बाबा तेवढे हसले नाहीत. "इतकं खरं बोलणारा पुढारी जन्मात पाहिला नव्हता," ते म्हणाले.

संग्रहालय चाललं आणि आमच्या गल्लीला भाव आला. भाव आल्याबरोबर आमची धडधाकट इमारत धोकादायक ठरली. तिच्या जागी मनोरा होणार होता, नाव 'खुलांबा हाइट्स'.

"तुमच्याच संस्कृतीचा सन्मान," सह्या घ्यायला आलेला बिल्डरचा माणूस म्हणाला.

"नाव कोणी सुचवलं?" बाबांनी विचारलं.

"आमच्या बिल्डरसाहेबांनी स्वतः."

"शोभतं त्यांना," म्हणत बाबांनी सही केली. न करून सांगतात कोणाला?

मला राहवलं नाही. मी संग्रहालयात जाऊन बाईंना खरा अर्थ सांगितला, आईसकट. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आता सगळं छापून झालंय. आणि अर्थ काय, काळाप्रमाणे बदलतो."

आम्हाला शहराच्या पार टोकाला खोल्या मिळाल्या. तिथे समुद्र दिसत नाही आणि जिन्यावर कोणी भांडत नाही, कारण कोणी कोणाशी बोलतच नाही. लंबू मुलीकडे गेला, आचारी तिसऱ्याच टोकाला. संध्याकाळी बाबा भिंतीला टेकून नुसते बसून राहायचे.

परवा लंबूकाकांचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू. पलीकडून शिव्यांचा असा लोंढा आला की मी आधी खिडकी लावली, मग दार. बाबांनीही सव्याज परतफेड केली. दोघं पुष्कळ वेळ एकमेकांचा उद्धार करत होते. हळूहळू आवाज उतरत गेले आणि बाबांनी फोन ठेवला.

"काय म्हणत होते काका?" मी विचारलं.

"करमत नाही म्हणत होता," बाबा म्हणाले.