हुकातलं भोक

बावीस वर्षं चीफसाहेबांनी जहाजांची इंजिनं सांभाळली, पण मनात घर करून राहिली ती एकच सकाळ. इंजिनरूमला आग लागली होती. माणसं जीवरक्षक होडीत बसली, होडी दोरांवरून खाली सोडली. पाण्याला टेकताच तिचे पुढचा-मागचा असे दोन्ही हुक एकदम सुटायला हवेत. पुढचा सुटला, मागचा अडकला. होडी मागच्या हुकाला उभी लटकली आणि इंजिनाच्या तेलपाण्याचं बघणारे त्यांचे दोन ऑइलमन डोळ्यांदेखत समुद्रात गेले.

चीफसाहेबांनी नोकरी सोडली. घराच्या मागच्या खोलीत पत्र्याचं टेबल टाकलं आणि सात वर्षं एकाच हुकाच्या मागे लागले. बायको म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे."

हुक जमत आला तेव्हा साडू चहाला आले. जहाजदुरुस्तीचं मोठं वर्कशॉप त्यांचं. कामगारांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे त्यांना दादा म्हणत. "ड्रॉइंग दोन दिवस द्या, आमच्या माणसांना दाखवतो," ते म्हणाले. घरचाच माणूस, म्हणून चीफसाहेबांनी दिलं.

आठ महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो आला. दादा, त्यांच्या हातात हुक, आणि खाली पेटंट मिळाल्याची बातमी.

चीफसाहेबांनी भिंग आणलं आणि फोटो बराच वेळ पाहिला. मग हसले. हुकाच्या मानेत एक छोटं आरपार भोक होतं, आणि ते रिकामं होतं.

त्या भोकात एक पिन बसायची. होडी पाण्याला टेकेपर्यंत हुकाला उघडू न देणारी. पिनेचं ड्रॉइंग वेगळ्या कागदावर होतं आणि तो कागद अजून त्यांच्याच कपाटात होता. दादांनी भोकसुद्धा जसंच्या तसं उचललं होतं.

"भावोजींना जाब विचारा ना," बायको म्हणाली.

"विचारणार आहे. पण चार माणसांत."

पाच महिने ते गप्प राहिले. दादांच्या घरी जाऊन जेवले, अभिनंदनही केलं. धक्क्यावर जाहीर चाचणी ठरली, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी हजर झाले. धक्क्याच्या वर, हुकांना टांगलेल्या होडीत माणसांच्या वजनाची वाळूची पोती भरलेली होती. तपासणी अधिकारी, जहाजमालक, दोन कॅप्टन, सगळे उभे होते.

"दादा, एक शंका," चीफसाहेब मोठ्याने म्हणाले. "हे भोक कशासाठी?"

दादांनी भोकाकडे पाहिलं. "वजन कमी व्हावं म्हणून."

"एवढ्याशा भोकाने?"

कोणीतरी हसलं. दादांचे कान लाल झाले.

"हुक तुमचा आहे, तर पोत्यांबरोबर तुम्हीच बसा. आम्हालाही धीर येईल."

"चाचणी पोत्यांवरच असते. नियम आहे तसा."

"बरं, मग होडी जरा हलवून दाखवा. समुद्र काही तुमच्या सोयीने शांत राहणार नाही."

अधिकाऱ्याला ते पटलं. चीफसाहेबांनी खालची सगळी माणसं स्वतः लांब नेली, दोनदा मोजून खात्री केली. मग दोर लावून होडीला हेलकावे दिले. तिसऱ्या हेलकाव्याला हुकावरचा भार क्षणभर हलका झाला, तोंड उघडलं आणि होडी पोत्यांसकट दोन मजल्यांच्या उंचीवरून खाली धक्क्यावर आपटली. तिचे दोन तुकडे झाले.

चीफसाहेबांनी खिशातून पिनेचा कागद काढला आणि अधिकाऱ्याच्या हातात दिला. त्यावर पेटंटच्या आधीची तारीख होती. दादांकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं. तो चेहरा त्यांना नीट पाहून घ्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोची ताई आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"हो."

"मग घरी येऊन का नाही सांगितलंत?"

"घरी सांगितलं असतं तर दादांनी गुपचूप दुरुस्ती केली असती, आणि हुक त्यांचाच राहिला असता."

"आमच्याकडे जेवायला बसलात तेव्हाही हेच मनात होतं?"

"तेव्हा तर जास्तच."

ताई पाणीही न पिता गेली. त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

पेटंट दोन वर्षांनी चीफसाहेबांच्या नावावर झालं. हुक जहाजांवर चढले आणि त्यांनी माणसं वाचवली. दादांची कामं सुटत गेली, शेवटी वर्कशॉपला कुलूप लागलं. दर शनिवारी चीफसाहेब वाकडी वाट करून त्या फाटकावरून जात आणि कुलूप आहे ना, ते पाहत.

एकदा बायकोने विचारलं, "अहो, पिशवी घेऊन तिकडून कुठून आलात? भाजीवाला तर इकडे बसतो."

त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली. तिकडे दादांचं वर्कशॉप होतं, हे तिच्या ध्यानात आलं.

"आता पुरे करा," ती म्हणाली.

"करीन," ते चपला काढत म्हणाले. "अजून मन भरलं नाही."