लोकरीचा कोट घातलेला चार्जर

मी चार्जर बोलतोय. दचकू नका. ज्या घरात सगळेच न विचारता बोलतात, तिथे राहून मलाही ती खोड लागली.

माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय: ‘फक्त रिचार्जेबल सेल लावा.’ पण वाचणार कोण? घरधनी काका? छे! त्यांना सगळं जन्मतःच ठाऊक. मोबाइलच्या लिथियम बॅटरीचा चार्जर वेगळा, इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीचं तंत्र वेगळं, माझं वेगळं. काकांच्या मते मात्र वीज ती वीज!

काकूंची तऱ्हा निराळीच. हातात कायम विणायच्या सुया. टीव्हीला झबलं, फोनला टोपडं आणि मला लोकरीचा कोट. “उघडा पडलाय बिचारा, धूळ बसेल!” अहो, सेल चार्ज करताना मी तापतो, मला मोकळी हवा लागते. एकदा तर इतका तापलो की भिंतीवरच्या पालीने मला सूर्य समजून बारा नमस्कार घातले. खोटं वाटतं? पालीला विचारा.

काकांचे वडील अण्णा नव्वदीचे, डोळ्यांनी अधू. रेडिओ हाच त्यांचा सोबती. त्याचे दोन सेल भरायला मी त्यांच्या दिवाणावर, उशीपाशीच पडून असे. चार्जर ठेवायला गादीच सापडली या शहाण्यांना!

एका दुपारी काकांनी अण्णांचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले आणि खणातले दोन साधे, संपलेले सेल माझ्यात कोंबले.

“अहो, ते टाकायचे ना?”

“तुला काय कळतंय त्यातलं? वीज पाजली की कुठलाही सेल पितो.”

“असेल बाई!” म्हणत काकूंनी कोटाची बटणं लावली.

अण्णा घोरत होते. अर्ध्या तासात एक सेल पाझरला, दुसरा फाट्‌कन फुटला. कोट धुमसू लागला. अण्णा खोकत उठले. “अरे, काय जळतंय?”

“शेजारी असेल, अण्णा!” आतून काका.

काकू मात्र धावल्या. आधी बटण बंद केलं, मग अण्णांना दूर नेलं. या घरातलं मी पाहिलेलं पहिलं शहाणपण. उशीला भोक पडलं होतं, अण्णांच्या कानापासून चार बोटांवर.

आता तरी शिकावं? दुसऱ्या दिवशी काका चिकटपट्टी घेऊन हजर. “वरचं कवच वितळलंय नुसतं. आत दम आहे अजून.”

अण्णा म्हणाले, “सूनबाई, कात्री दे गं. मिशी कापायचीय.”

कात्री हातात आली. म्हाताऱ्याने माझी वायर चाचपली, पिन बोर्डात नाही याची बोटांनी खात्री केली, आणि कच्!

“अण्णा! हे काय केलंत?”

“मिशी वाटली रे. मला कुठे दिसतंय?”

आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे, निकामी यंत्रं गोळा करणाऱ्याची वाट बघत. माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या चार्जरच्या पाठीवर काय लिहिलंय तेवढं वाचा. चष्मा लागत असेल तर लावा, त्यात कमीपणा नाही. येतो.