सुग्राबीचा बर्फाचा चष्मा

नेरच्या बसस्टँडमागं सुग्राबीचं गाद्यांचं दुकान. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं ती स्वतः मशीनवर रुई पिंजत आली. यंदा तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मुलगा मोईन म्हणाला, "अम्मी, आता मशीन बंद. रुई डोळ्यात गेली तं आंधळी होशील. मी फोमच्या गाद्या आणून विकतो."

दोन महिने तिनं ऐकलं. मग बहिणीचा मुलगा फिरोज मनालीहून आला. तिथं तो हॉटेलात कामाला होता. बर्फावर घसरत खेळणारे लोक घालतात तसला एक मोठा चष्मा त्यानं आणला होता. मागं रुंद पट्टा, कडेनं जाड स्पंज.

"खाला, याची काच बदलता येते. चुंबक आहे." त्यानं काळी काच ओढली, ती टक् करून निघाली. तिच्या जागी पिवळी बसली. "उन्हात काळी लावायची, उजेड कमी असला की पिवळी."

सुग्राबीनं स्पंजवरून अंगठा फिरवला. "याच्यातून रुई आत जाईन?"

"बर्फाचा भुगा जात नाही, रुई कशी जाईन?"

दुसऱ्या दिवशी ती चष्मा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आधी डोळे तपासले, मग चष्मा. "जखम भरली आहे. हा घालून काम करा, नाकातोंडाला रुमाल बांधा. डोळा लाल झाला तर त्याच दिवशी या."

मोईनला ते पटलं नाही. "लोकं हासतीन, अम्मी."

"हासू दे. बावीस वर्षं माह्याच गाद्यांवर झोपून राह्यले ते."

त्याच आठवड्यात लीलाबाई आल्या. त्यांच्या मुलीच्या, अर्पिताच्या लग्नात आंदणाला सहा गाद्या हव्या होत्या. मोईन फोमचे नमुने दाखवू लागला तशी सुग्राबी मागून म्हणाली, "रुईच्याच होतीन, लीलाबाई. शुक्रवारी घेऊन जा."

त्या गेल्यावर तिनं मशीन सुरू केली. मोईननं बटन बंद केलं. तिनं परत चालू केलं.

"मले तुही काळजी आहे, अम्मी!"

"मंग रुई उचलून दे. बटन काहून दाबतं?"

रुई वाळवायला ती काळी काच लावून उन्हात जायची, आत आली की पिवळी चढवायची. समोरच्या चहाच्या टपरीवरची पोरं मोबाइल काढून शूटिंग करू लागली. "बुढी चंद्रावर चालली बे!" एक जण ओरडला.

सुग्राबी रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर उभी राहिली. "नीट काढ. दुकानाचा बोर्डबी येऊ दे. हात थरथरून राह्यला तुहा."

त्यानं मोबाइल खिशात टाकला.

शुक्रवारी सहाही गाद्या तयार होत्या. मोईननं त्या ऑटोत चढवल्या. डोळा लाल झाला नव्हता, हे त्यानं रोज सकाळी चोरून पाहिलं होतं.

लग्नाला ती भर दुपारी तोच चष्मा लावून गेली. मोईन दहा पावलं मागं राहिला. मांडवात आंदण पाहताना वरपक्षाच्या एका बाईनं गादी दाबून पाहिली आणि विचारलं, "कोणी भरली वो ही?"

लीलाबाई बोलायच्या आत सुग्राबी पुढं झाली.

"म्या. तुमाले किती पाह्यजेत?"