डेरेकची लय

"अरे, ठेव की सुई आता! मुहूर्त काढतोयस काय?"

डॉन ओरडली तशी निगेलने तबकडीवर सुई टेकवली. इंग्लंडमधल्या डडली गावातल्या एका पबच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळी पन्नाशी ओलांडलेली, पोटावर ताणलेल्या काळ्या टी-शर्टवर 'स्लॅगहिल'चं नाव मिरवणारी. तो रॉक बँड केव्हाच मोडला होता, पण यांची भक्ती काही मोडली नव्हती. आणि आज तर बँडच्या अगदी सुरुवातीच्या कच्च्या रेकॉर्डिंगचा, डेमोंचा, दुहेरी अल्बम बाजारात आला होता. दोन तबकड्या, चार बाजू, आणि ड्रमवर सगळीकडे डेरेक टॉन्क्स.

तो डेरेक समोरच बसला होता, मानाच्या खुर्चीत.

डेरेकचं बहुतेक आयुष्य बसडेपोत इंजिनं उघडण्यात गेलं. त्याआधी मात्र तो स्लॅगहिलचा ड्रमर होता. त्याच्याच गल्लीतला जिवलग दोस्त क्लाइव्ह हॅडन गिटार वाजवायचा. पहिला खरा अल्बम निघायच्या तोंडावर क्लाइव्हनेच त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "डेल, तुझी लय टिकत नाही रे. दुसरा माणूस घेतोय आम्ही." झालं! बँड नावारूपाला आला आणि डेरेक ग्रीसमध्ये माखला. त्यानंतर दोघांचं बोलणं कायमचं तुटलं. 'त्यांना देखणा पोरगा हवा होता,' असं डेरेक भेटेल त्याला सांगायचा, आणि या मंडळींनी ते मनोभावे मानलं होतं. डेमोच्या टेपा क्लाइव्हकडे होत्या. त्या बाहेर काढा म्हणून त्यांनी त्याच्या मागे किती वर्षं लकडा लावला! क्लाइव्ह बधला नाही. 'जळतो लेकाचा डेलवर,' असा निकाल या खोलीत केव्हाच लागून गेला होता. गेल्या हिवाळ्यात क्लाइव्ह वारला. डेरेक अंत्यविधीलाही गेला नाही.

थोडी खरखर झाली, मग ड्रम आदळले आणि खोली उसळली.

"आहाहा! हा खरा स्लॅगहिल!" निगेलने टेबल बडवलं. "पुढच्या अल्बमात सगळं इस्त्री करून टाकलं लेकांनी."

"गायक मात्र बेसूर आहे हं," डॉन म्हणाली.

"असू दे की! शब्दही धड झालेले नाहीत अजून, नुसता ना-ना-ना करतोय. पण जीव बघ त्यात!"

"दुसरी तबकडी नुसती भरताड आहे," कोपऱ्यातला टेरी कुरकुरला. तो सकाळीच सगळं घरी ऐकून आला होता. "एकच गाणं तीनतीनदा. लुबाडायचे धंदे."

"तू गप रे. तुला फुकटची बिअरसुद्धा आंबट लागते."

"पण ड्रमबद्दल बोललो का मी काही? ड्रम म्हणजे आग आहे, आग!"

यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. कुणीतरी डेरेकपुढे भरलेला ग्लास ठेवला. डेरेकला भरून आलं. त्या काळानंतर तोही या टेपा पहिल्यांदाच ऐकत होता. वाटलं, उशिरा का होईना, आपला न्याय झाला.

दुसऱ्या बाजूच्या मधल्या गाण्यात त्याचं हसू मावळलं. लय पळत होती. जुनी टेप, ताणली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग ड्रम सोडून त्याने गिटारकडे कान लावला. ड्रम पुढे धावले की गिटार क्षणभर बावरायची आणि मुकाट्याने त्यांना जाऊन गाठायची. कडव्याच्या शेवटी क्लाइव्ह एक सूर लांबवून धरायचा, ड्रमला जागेवर येऊ द्यायचा. पुढच्या गाण्यात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. बाजारात अवखळ पोराचा हात धरून चालावं, तसा तो चालला होता.

डेरेकच्या लक्षात आलं. हे कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच क्लाइव्हने टेपा दाबून ठेवल्या होत्या. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही.

"थांबव रे निगेल," तो म्हणाला. "मी पळतोय. नीट ऐका ना जरा. क्लाइव्ह सांभाळून घेतोय मला. तो म्हणाला होता ते खरं होतं."

खोलीत हशा पिकला.

"काय बाई साधा माणूस!" डॉनचे डोळे पाणावले. "अजून त्या क्लाइव्हचीच बाजू घेतोय."

"पळणं नाही गड्या, जोश म्हणतात त्याला!" निगेलने त्याच्या पाठीवर थाप मारली.

डेरेक पुन्हा सांगायला गेला, पण टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणी ऐकलं नाही. भरलेला ग्लास तसाच सोडून तो उठला आणि चार गल्ल्या ओलांडून क्लाइव्हच्या दारात जाऊन उभा राहिला.

दार क्लाइव्हच्या बायकोने, बेरिलने उघडलं. तीही त्यांच्याच गल्लीत वाढलेली.

"आलास? माणूस मातीत गेल्यावर?"

"अल्बम ऐकला, बेरिल. त्याने माझ्यासाठी दाबून ठेवला होता ना?"

"डेल आहे तोवर नाही, म्हणायचा. रेकॉर्ड कंपनीवाले दारात ठाण मांडून बसायचे, तरी नाही." ती दार अडवूनच उभी होती. "शेवटच्या आठवड्यात दार वाजलं की विचारायचा, डेल आला का. आणि तू त्याला माती द्यायलाही आला नाहीस. मग केली मी कंपनीच्या कागदावर सही. म्हटलं, ऐकू दे जगाला, डेरेक टॉन्क्स कसा वाजवायचा ते."

डेरेकने मान खाली घातली.

"मग? कळलं का तुझ्या भक्तांना?"

"नाही. टाळ्या वाजवतायत."



"कुणालाच नाही कळलं?"

"मला कळलं."

रस्त्यावरून एक बस गेली. बेरिल दारातून बाजूला झाली.

"पाय पूस आणि ये आत," ती म्हणाली.

डेरेकने पायपुसण्यावर बूट पुसले. स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला.